घरातले बेजुबान : म्हाताऱ्या मांजरीला फिट येऊ लागली तर



या सदरात आपण मुलांच्या अभ्यासाविषयी बोललो, घरखर्चाविषयी बोललो, घरातल्या वयस्करांच्या दुखण्याखुपण्याविषयीही बोललो. या महिन्याचा विषय काहींना किरकोळ वाटेल. पण ज्यांच्या घरी मांजर आहे आणि ते म्हातारे झाले आहे, त्यांना तो किरकोळ वाटणार नाही. आपल्या समाजात मांजर नाही असे घर सापडणे तसे कठीणच. कुत्रा घरात ठेवत नाहीत, पण मांजर चुलीपाशी, पाळण्याखाली, कधी जानमाजच्या कडेलाही बसलेले असते आणि त्याला कोणी हाकलत नाही.

याला आपल्याकडे आधारही आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे हे नाव मांजराच्या पिल्लावरून पडले, हे मुलांनाही ठाऊक असते. हजरत अबू कतादा (रजि.) यांची हकीकत मात्र कमी जणांना माहीत असते. त्यांच्या सुनेने, हजरत कबशा यांनी, वुजूसाठी पाणी काढून ठेवले होते. तेवढ्यात मांजर आले. सासऱ्यांनी भांडे तिरके करून त्याला पाणी पिऊ दिले. सून आश्चर्याने बघत राहिली, तेव्हा त्यांनी सांगितले की मांजर नापाक नसते, ते घरात आपल्यात वावरणाऱ्यांपैकी आहे, असे अल्लाहच्या रसूलांनी (स.) सांगितले आहे. मुवत्ता, अबू दाऊद आणि तिर्मिजी या संग्रहांत ही हकीकत आली आहे. बुखारी आणि मुस्लिममध्ये त्या बाईचाही उल्लेख आहे, जिने मांजर कोंडून ठेवले, खायला दिले नाही आणि आपले आपण खायला मोकळेही सोडले नाही. तिचा गुन्हा हाच होता. एकदा जीव आपल्या दाराआड आला की त्याचे खाणेपिणे आपल्यावर येते. मग त्याचे आजारपण कोणावर येते, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो सोपा नाही.

आमच्या घरी मखमल नावाची मांजर आहे. वय १६ वर्षे. थोरली मुलगी पाळण्यात असताना ती आली, आता मुलगी अकरावीत आहे. मांजराची पहिली दोन वर्षे माणसाच्या २४ वर्षांइतकी आणि पुढचे प्रत्येक वर्ष चार वर्षांइतके धरतात. त्या हिशेबाने मखमल ८० वर्षांची झाली. गेल्या वर्षी शाबानच्या अखेरीस तिला पहिली फिट आली. त्यानंतर सव्वा वर्षात आम्ही जे शिकलो, ते इथे सविस्तर मांडत आहोत.

फिट कशी ओळखावी?

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते ती मोठी फिट. मांजर आडवे पडते, अंग ताठ होते, चारही पाय झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो, लघवी-शी होते. पण मांजरांमध्ये छोटी फिटही बरीच दिसते. चेहऱ्याची एक बाजू फडफडते, कान आणि मिशा झटकल्यासारख्या हलतात, लाळ गळते, किंवा मांजर काही कारण नसताना भेदरून सुसाट पळत सुटते आणि भिंतीवर आपटते. घरातले म्हणतात, काहीतरी दिसले असेल तिला. पण तीही फिट असू शकते. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत थांबतात. बघणाऱ्याला मात्र तो अर्धा तास वाटतो.

फिट थांबल्यावर मांजर लगेच पहिल्यासारखे होत नाही. ते अडखळत चालते, कोपऱ्यात जाऊन उभे राहते, घरच्यांना ओळखत नाही, काही वेळ त्याला दिसतही नाही. कधी भूक लागल्यासारखे खात सुटते. ही अवस्था काही मिनिटे टिकते, कधी अख्खा दिवसही टिकते. या वेळी मायेने उचलून छातीशी धरू नये. भानावर नसलेले मांजर घरच्या माणसालाही चावते आणि त्यात त्याचा दोष नसतो.

फिट येत असताना काय करावे?

आधी घड्याळ बघावे. हे सगळ्यात महत्त्वाचे. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली, किंवा २४ तासांत दोन किंवा अधिक आल्या, तर तो तातडीचा प्रसंग आहे आणि रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करायला हवा. झटके लांबले की शरीर तापते आणि मेंदूला इजा होते.

मांजर पलंगावर, जिन्याजवळ किंवा पाण्याच्या पिंपाजवळ असेल तर चादरीने अलगद सरकवून मोकळ्या जमिनीवर आणावे. आजूबाजूचे टोकदार सामान हटवावे. दिवा मंद करावा, टीव्ही बंद करावा, मुलांना शांत करावे. खोली तापलेली असेल तर पंखा लावावा, पण अंगावर बर्फाचे पाणी ओतू नये. तोंडात बोट, चमचा, पाणी, दूध, औषध काहीही घालू नये. जीभ गिळली जाते हा समज खोटा आहे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही गेले तर ते श्वासनलिकेत उतरू शकते.

घरातल्या एकाने मोबाईलवर चित्रण करून ठेवावे. हे ऐकायला निर्दय वाटते, पण डॉक्टरांसाठी याहून उपयोगी पुरावा नाही. म्हातारी मांजरे हृदयाच्या आजाराने बेशुद्ध होतात, कानाच्या आतल्या आजाराने तोल जाऊन पडतात. ही फिट नसते. आपण सांगितलेल्या वर्णनावरून फरक कळणे अवघड जाते, चित्रणातून बहुधा कळतो.

आमच्या मोहल्ल्यात पहिल्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कोणी चप्पल हुंगवायला सांगितली, कोणी कांदा, कोणी हातात लोखंडी किल्ल्या द्यायला, कोणी म्हणाले हिच्यावर असर आहे, ताबीज बांधा. सांगणारे प्रेमाने सांगत होते. आमच्या अम्मींनी एवढेच उत्तर दिले, "दुआ आम्ही करतोच, पण दवाखाना पण करू. दोन्ही अल्लाहनेच दिलेत." मग चर्चा थांबली.

कारण शोधणे

जन्मतः फिटचा आजार असेल तर तो बहुधा तरुणपणातच दिसतो. म्हातारपणी पहिल्यांदा फिट आली तर तिच्यामागे दुसरा आजार आहे का, हे आधी बघावे लागते. कारणे दोन प्रकारची असतात. काही मेंदूच्या आतली, जसे गाठ, संसर्ग, रक्तवाहिनी फुटणे किंवा तुंबणे. काही मेंदूबाहेरची, जसे किडनी किंवा यकृत निकामी होत जाणे, रक्तातली साखर फार खाली येणे, वाढलेला थायरॉइड, वाढलेला रक्तदाब, विषबाधा.

विषबाधेबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण ती आपल्या हातून होते. कुत्र्यांच्या पिसवा मारण्यासाठी मिळणाऱ्या औषधांत परमेथ्रिन असते. ते कुत्र्याला चालते, मांजराला मात्र त्यानेच कापरे भरते आणि फिट येतात. आपण तापाला घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून मांजराने पाय चाटले तर तेही घातक आहे. मांजराच्या यकृतात अशा पदार्थांचा निचरा करण्याची ताकद फार कमी असते. म्हणून माणसाचे किंवा कुत्र्याचे कोणतेही औषध आपल्या अंदाजाने मांजराला देऊ नये.

आमच्या तालुक्यात जनावरांचा दवाखाना आहे, पण तिथे गाई-म्हशी आणि शेळ्यांचे काम जास्त. मांजराची रक्ततपासणी करणाऱ्या डॉक्टर एस.टी.ने दीड तासावर भेटल्या. त्यांनी रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासला. साखर ठीक, थायरॉइड ठीक. किडनी मात्र बरीच खराब आणि रक्तदाब १८० च्या वर. मांजराचा दाब १४० च्या खाली असावा लागतो, १६० च्या पुढे काळजीचे. अशा दाबाने डोळ्यांचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते. दाबासाठी त्यांनी अ‍ॅम्लोडिपिनचा छोटा तुकडा रोज द्यायला सांगितला. हीच गोळी अम्मीही घेतात, अर्थात डोस वेगळा. त्या दिवसापासून दोघींच्या गोळ्यांचे डबे फळीवर शेजारी शेजारी बसले.

मेंदूत गाठ आहे का, हे बघायला एम.आर.आय. लागतो. ती सोय मोठ्या शहरांतच, शिवाय त्यासाठी मांजराला भूल द्यावी लागते. आम्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "या तपासणीचा निकाल काहीही आला तरी तुम्ही औषध बदलणार आहात का?" त्या म्हणाल्या, "खरं सांगायचं तर नाही. या वयात आणि या किडनीवर मी मेंदूचं ऑपरेशन सुचवणार नाही." मग आम्ही ती तपासणी केली नाही. हा प्रश्न प्रत्येक घराने विचारावा. त्याने पैसा वाचतो आणि मनाला टोचणी राहत नाही.

औषध आणि घड्याळ

मांजरांच्या फिटवर सर्वसाधारणपणे आधी फिनोबार्बिटल देतात. दर १२ तासांनी एक डोस. रक्तात ते पुरेसे साठायला साधारण दोन आठवडे लागतात. सुरुवातीला मांजर झोपाळते, मागचे पाय लडखडतात, भूक आणि तहान वाढते. घरचे घाबरून औषध थांबवतात, आणि तेच सगळ्यात धोक्याचे असते. फिटचे औषध एकदम तोडले तर जोरदार फिट येते. कमी करायचे तरी डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. गोळी संपायच्या आठवडाभर आधी नवी पट्टी आणून ठेवावी, कारण चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही आणि लहान गावात दुकानदाराकडे नेहमी असतेच असे नाही.

रमजानमध्ये एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सेहरी आणि इफ्तारच्या वेळी सगळे जागे असतात म्हणून गोळी तेव्हाच द्यायचा मोह होतो. पण आपल्या भागात मार्चच्या सुमारास या दोन वेळांत तेरा तासांहून जास्त अंतर पडते आणि वेळही रोज बदलत राहते. औषधाला घड्याळ हवे. आम्ही फजरनंतर सहा आणि संध्याकाळी सहा अशी वेळ ठरवली.

गोळी खिम्याच्या कणभर गोळ्यात लपवून द्यावी आणि वर सुई नसलेल्या सिरिंजने चमचाभर पाणी तोंडाच्या कडेने हळू सोडावे. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते.

वहीतून उमगलेली गोष्ट

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या. शाळेतली सवय कामी आली. आम्ही एका पाठकोऱ्या वहीत हजेरीपटासारखे रकाने आखले : तारीख, वेळ, किती मिनिटे, आधी घरात काय चालले होते, नंतर किती वेळाने खाल्ले. वही स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. जो बघेल तो लिहील.

रमजान लागला आणि फिट वाढल्या. सतराव्या रोजापर्यंत सहा नोंदी झाल्या. मुलीने सगळ्या नोंदी एका खाली एक वाचून काढल्या आणि म्हणाली, "दादी, बघा, सहापैकी पाच सेहरीच्या वेळच्या आहेत. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी चमचा वाजवला आहे किंवा रोट्यांचा चांदीचा कागद उघडला आहे."

आम्ही वही डॉक्टरांना दाखवली. त्यांना याचे नवल वाटले नाही. २०१५ साली ब्रिटनमधल्या पशुवैद्यांनी अशा ९६ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. या मांजरांना ठरावीक आवाजांनी फिट येत असे आणि हा त्रास बहुधा म्हातारपणी, साधारण १५ वर्षांच्या आसपास सुरू होत असे. आवाज मोठा असावा लागतो असे नाही, तो बारीक आणि टोकदार असतो. अ‍ॅल्युमिनियमचा कागद चुरगळणे, चिनी मातीच्या भांड्यावर चमचा लागणे, काचेला काच लागणे, प्लास्टिकची पिशवी किंवा कागद खुळखुळणे, किल्ल्या आणि नाणी वाजणे, कॉम्प्युटरची बटणे दाबणे, खिळा ठोकणे, जिभेने टकटक करणे. विशेष म्हणजे यांतल्या बऱ्याच मांजरांना ऐकू कमी येत होते. म्हणजे हाक मारली तर मखमल मान वळवत नाही, म्हणून तिला काही ऐकू येत नाही, असे समजून चालत नाही.

लोखंडी किल्ल्यांचा सल्ला आम्हाला तेव्हा आठवला. फिट थांबवायला म्हणून कोणी तिच्या कानाशी किल्ल्या खुळखुळवल्या असत्या तर काय झाले असते, कोण जाणे.

मग घरात बदल झाले. रोट्या चांदीच्या कागदाऐवजी सुती फडक्यात गुंडाळल्या जाऊ लागल्या. कालवायला लाकडी डाव आला. किल्ल्यांच्या जुडग्याला जुन्या मोज्याची पिशवी शिवली. वेफर्सची पाकिटे अंगणात उघडायची असे मुलाने स्वतः ठरवले. मखमलचे अंथरूण स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत गेले. तिच्याखाली प्लास्टिक घातले तर ते खुळखुळते, म्हणून बाळंतिणीच्या खोलीत वापरतात ते रबरी कापड घातले.

डॉक्टरांनी औषधही बदलले. आवाजाने येणाऱ्या फिटवर लेव्हेटिरासेटाम जास्त उपयोगी पडते, असे नंतरच्या अभ्यासात दिसले आहे. ते किडनीवाटे बाहेर पडते, म्हणून तिच्या किडनीकडे बघून डोस कमी ठरवला, आणि फिनोबार्बिटल आठवडे लावून हळूहळू उतरवले. नव्या औषधाची अडचण वेगळी होती. ते दर आठ तासांनी द्यावे लागते : सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. दुपारी दोनला घरात आम्ही नसतो, मुलेही नसतात. घरात असतात फक्त अम्मी. त्यांचे वय ७४, हाताला थरथर. त्यांनी सांगितले, "दोनची गोळी माझी." जोहरची नमाज झाली की त्या खिम्याचा गोळा करतात. वर्ष होत आले, दोनचा रकाना एकदाही रिकामा नाही. पूर्वी आठवड्याला येणारी फिट आता दीड-दोन महिन्यांनी एखादी येते. पूर्ण थांबली नाही, थांबेल असे डॉक्टरांनी कधी म्हटलेही नव्हते.

बाकीचे म्हातारपण

फिट आटोक्यात आली तरी किडनी आपल्या गतीने उतरत राहते. मांजराच्या किडनीचे दोन-तृतीयांशाहून जास्त काम बंद पडेपर्यंत बाहेर फारसे दिसत नाही. दिसू लागते तेव्हा मांजर खूप पाणी पिते, खूप लघवी करते, वजन उतरते, केस राठ होतात, तोंडाला वास येतो.

आम्ही कोकणातली माणसे. मखमलला सुकट आणि बोंबील जिवापाड प्रिय. पण खारवलेल्या मासळीतले मीठ रक्तदाबाला वाईट आणि फॉस्फरस किडनीला. ती बंद केली. त्याऐवजी डॉक्टरांनी सांगितलेले किडनीचे ओले खाणे, आणि ते नकोसे झाले की बिनमिठाची, बिनहळदीची उकडलेली ताजी मासळी थोडीशी. खाणे कोमट करून दिले की वास येतो आणि ती खाते. पाण्याच्या वाट्या घरात तीन ठिकाणी ठेवल्या. मातीचा डबा खोलीतच आणला आणि त्याची कड एका बाजूने कापून खाली केली, कारण सांधे दुखतात तेव्हा उंच कड ओलांडवत नाही. आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाइन द्यायला दवाखान्यातल्या कंपाउंडरने आम्हाला शिकवले. पहिल्यांदा हात कापला, आता सवय झाली.

एक इशारा. मांजराला उपाशी ठेवून पथ्याचे खाणे गळी उतरवू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि तो आजार किडनीआधी जीव घेतो. पथ्याचे खात नसेल तर जे खाते ते द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे.

पाकीचा प्रश्नही बऱ्याच भगिनींना पडतो. मांजराच्या अंगाला हात लागला, ते जवळून गेले, म्हणून कपडे नापाक होत नाहीत. पण फिटमध्ये लघवी होते आणि लघवी नापाकच आहे. ती लागलेली जागा आणि कपडा धुतलाच पाहिजे. आम्ही नमाजची जागा आणि तिची खोली वेगळी केली, जानमाज वापर झाला की घडी घालून उंच फळीवर ठेवतो. मांजराने तोंड लावलेल्या पाण्याबद्दल मसलकांत थोडा फरक आहे, तो आपल्या इमाम साहेबांना विचारून घ्यावा.

मुले आणि फिट

एक फायदा आम्हाला अनपेक्षित मिळाला. शाळेत एका मुलाला मधल्या सुट्टीत फिट आली. गर्दी झाली, कोणी चप्पल काढली, कोणी चमचा शोधायला धावले. आमच्याच सातवीतल्या मुलाने पोरांना मागे सारले आणि मोठ्याने सांगितले, "तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, घड्याळ बघा." माणसालाही हेच करायचे असते. पाच मिनिटांचा नियमही तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी माणसांना हा आजार आहे. तो संसर्गाचा नाही, बाहेरची बाधा नाही आणि बहुतेकांना औषधाने आराम पडतो. तरी आपल्याकडे अशा मुलींची लग्ने लपवाछपवीत होतात आणि मुलांना मागच्या बाकावर बसवले जाते. मांजराच्या निमित्ताने घरातल्या मुलांची भीती गेली, तर ती शेजारच्या आजारी मुलाला घाबरणार नाहीत.

पैसा आणि शेवटचा प्रश्न

आता जे बोलायला सगळे कचरतात ते बोलू. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात औषधाची पट्टी संपते आणि त्याच आठवड्यात मुलीच्या क्लासची फी असते, तेव्हा घरात आवाज चढतात. आमच्याकडेही चढले. आम्ही ठरवले ते असे : माणसांचे हक आधी. अम्मींची औषधे, मुलांची फी, घरभाडे यांना हात लागणार नाही. त्यानंतर मखमलच्या नावाचा एक लिफाफा, त्यात दरमहा ठरलेली रक्कम. त्या रकमेत बसेल तेवढा इलाज. डॉक्टरांनाही ही रक्कम स्पष्ट सांगितली. त्यांनी त्यात बसवून औषधे आणि तपासण्यांचे अंतर ठरवले. यात शरम काही नाही.

एकदा एका नातलगाने अम्मींच्या देखत म्हटले, "आता ही उंदीरही धरत नाही, कशाला एवढा खर्च?" अम्मी तस्बीह थांबवून म्हणाल्या, "मी तरी आता काय धरते?" खोलीत कोणी बोलले नाही. पण आमची मुले तिथे बसली होती आणि त्यांनी ते ऐकले. घरात ज्याचा उपयोग संपला त्याच्याशी आपण कसे वागतो, हे मुले पाहत असतात.

याचा अर्थ जीव कसाही करून ताणत राहावा, असा नाही. मागच्या महिन्यात मखमलचे वजन अडीच किलोवर आले. डॉक्टरांनी तिन्ही पिढ्यांना समोर बसवून विचारले की कुठवर जायचे आहे. आम्ही तीन खुणा लिहून वहीच्या शेवटच्या पानावर ठेवल्या आहेत : आवडती मासळी समोर असूनही सलग दोन दिवस तोंड न लावणे, फिटनंतर दिवस उलटला तरी माणूस न ओळखणे, आणि औषध असूनही फिट पुन्हा दर आठवड्याला येऊ लागणे. यांतल्या दोन दिसल्या तर सलाइन, दवाखान्याच्या खेपा आणि सुया थांबवायच्या आणि तिला घरी ऊब, पाणी आणि वेदना कमी करणारे औषध एवढेच द्यायचे.

डॉक्टर इंजेक्शन देऊन शेवट सोपा करण्याचा पर्यायही सांगतात. याबाबत उलमांमध्ये एकमत नाही. काहींच्या मते इलाज उरला नसेल आणि जनावर असह्य यातनेत असेल तर तसे करण्यास हरकत नाही, काही मात्र मनाई करतात. आम्ही आमच्या मशिदीच्या मौलाना साहेबांना आत्ताच विचारून ठेवले आहे आणि डॉक्टरांचे म्हणणेही त्यांच्या कानावर घातले आहे. आपणही हा प्रश्न मध्यरात्री, मांजर तडफडत असताना विचारायला ठेवू नये. शांतपणे, दिवसा, आपल्या विश्वासाच्या आलिमांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारावा. मुलीचे मत घरातल्या इतरांपेक्षा वेगळे आहे. तिला इंजेक्शन नको आहे. तिच्याशी आम्ही वाद घातला नाही, फक्त तीन खुणांचे पान तिच्याच हातून लिहून घेतले.

ज्यांच्या घरी म्हातारे मांजर आहे त्यांनी या आठवड्यात तीन कामे करावीत. एक, जवळच्या मांजर तपासणाऱ्या डॉक्टरांचा आणि रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. दोन, दहा वर्षांपुढच्या मांजराचे रक्त, लघवी आणि रक्तदाब वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावा, फिट येण्याची वाट बघू नये. तीन, एक वही खिळ्याला अडकवावी.

अल्लाह तआला आपल्या घरातल्या बोलणाऱ्या आणि न बोलणाऱ्या सगळ्या जिवांची खिदमत आपल्या हातून नीट करवून घेवो. आमीन. आपले अनुभव जरूर लिहून पाठवा. पुढच्या महिन्यात दहावीच्या मुलांच्या झोपेविषयी बोलू, इन्शाअल्लाह.